बेचाळीस फूट आणि एक बोथट सुई

शिलाई मशीनच्या बेचाळीस फुटांची पेटी घेतलीत ना? मग उघडा ती समोर. त्यातला कुठला फूट कशासाठी असतो, ते एकेकीने उभं राहून सांगायचं. चेनचा ओळखलात, तो सगळ्यांनाच ओळखता येतो. काजाचा ओळखलात. पुढचा? त्याच्या पुढचा? एकमेकींकडे बघून हसू नका. पैसे मोजताना हसत नव्हतात.

गेल्या बॅचपासून बघतेय मी. गोधडीचा वर्ग सुरू होतो, पहिलं जोडकाम होतं न होतं, की घरोघरी पेट्या यायला लागतात. कुणाची बत्तीसची, कुणाची बेचाळीसची. एकीने आणली की शेजारणीला हवीच. आणि मग गोधडीला चुण्या पडल्या, टाके सुटले, खालून धाग्याचा गुंता झाला, की सगळ्यांचा प्रश्न एकच: "बाई, अजून एखादा फूट मागवू का?" नाचता येईना अंगण वाकडं! चुणी का पडली हे मशीनवर वाकून बघायचं नाही, खरेदी मात्र करायची.

चारकोपात शिकवते म्हणून इथली घरं मला ठाऊक आहेत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने आखून दिलेले प्लॉट, मधल्या चौकाभोवती बसवलेले, बरेचसे पंचवीस-चाळीस चौरस मीटरचे. पुढे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे मजले चढवले. खालच्या खोलीत ओटा, पलंग, कपाट आणि खिडकीशी मशीन. अशा खोलीत आलेल्या वस्तूने आपल्या जागेचं भाडं फेडलं पाहिजे. तुमच्या पेटीतले तीन आकारांचे बारीक हेम दुमडायचे फूट, मण्यांची माळ शिवायचा, झालर काढायचा, लेसची दोरी धरायचा, हे गोधडीच्या कामात काय फेडणार आहेत? लहान मुलींचे फ्रॉक शिवत असाल तर त्यातले दोन-चार चालतील. पण तुम्ही ऑर्डरी घेतल्यात बाळंतविड्याच्या गोधड्यांच्या.

आता मशीनकडे या.

टीप मारताना कापड पुढे सरकतं कसं, हे कितीजणींनी फूट वर करून, चाक हाताने फिरवून पाहिलंय? पाहा. सुईखालच्या पोलादी पट्टीच्या फटींतून दाते वर येतात, कापड मागे ढकलतात, खाली जातात आणि खालच्या खालीच परत पुढे येतात. या चार चालींचं पेटंट अॅलन विल्सन या अमेरिकन कारागिराने १८५४ साली घेतलं. त्याच्या आधी, १८४६ साली पेटंट मिळालेल्या एलियस हाउच्या मशीनमध्ये कापड एका पट्टीला उभं टाचावं लागे; पट्टीभर शिवण झाली की थांबा, कापड काढा, पुन्हा टाचा. दात्यांनी ती कटकट संपवली. आज तुमच्याकडे उषा असो, सिंगर असो की मेरिट, दात्यांची चाल हीच आहे.

या चालीत एक गोम आहे आणि तुमच्या सगळ्या चुण्या तिथून निघतात. दाते ढकलतात खालून. वरून फूट फक्त दाबून धरतो, तो जागचा हलत नाही. ब्लाउजच्या दोन पातळ थरांना याने काही फरक पडत नाही. गोधडीत वर जोडकाम, मध्ये जुन्या साडीच्या घड्या नाहीतर पॉलिफिलचा थर, खाली अस्तर. अस्तर दात्यांबरोबर निघून जातं, वरचं कापड फुटाला अडून मागे राहतं. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत वरच्या कापडाचा बोटभर फुगा साचतो आणि तुम्ही तो अंगठ्याने दामटून टिपेखाली घालता. झाली चुणी. त्यात फुटाचा दोष असेल तर एवढाच, की तो साधा आहे आणि काम थरांचं आहे.

म्हणून गोधडीसाठी पहिला फूट घ्यायचा तो वॉकिंग फूट. त्याला वरच्या अंगानेही दाते असतात. खालचे दाते कापड ढकलतात त्याच वेळी हे वरून तेवढंच ढकलतात आणि सगळे थर एका चालीने जातात. दिसायला बोजड, आवाज खटखट, किंमत बाकीच्यांपेक्षा जास्त, म्हणून तुम्ही त्याला वगळता आणि त्याच पैशांत बेचाळीस नग येतात म्हणून पेटी उचलता. कित्येक पेट्यांत तो नसतोच, हे तरी पाहिलंत का?

आणि ज्यांनी घेतलाय त्यांनी फार खूश होऊ नये. त्याच्या बाजूला एक दांडा निघालेला असतो, तो सुई आवळायच्या स्क्रूवर बसला पाहिजे. सुई वर गेली की दांडा वर, सुई खाली आली की दांडा खाली. वरचे दाते चालतात ते त्या हिसक्याने. परवा एकीचा दांडा स्क्रूच्या खाली नुसता लोंबत होता आणि ती म्हणते, "बाई, हा चालत नाही." कसा चालेल? बरोबर आलेला कागद वाचायचा नसतो का? या फुटाने सरळ रेषा मारायच्या, सावकाश. हलकं वळण जमतं. कोपऱ्याला सुई कापडात ठेवून फूट उचला, कापड फिरवा. उलटी टीप मारू नका आणि रुंद झिगझॅग तर नाहीच, कागदावर तशी परवानगी छापली असेल तरच. गोट लावायलाही हाच फूट घ्या. पेटीतला गोटाचा फूट, तो नळकांडं असलेला, सरळ कडेला बरा वाटतो आणि कोपऱ्यावर आला की हात टेकतो. गोधडीला कोपरे चार असतात.

आता शँक. हा शब्द ऐकून ज्या गप्प झाल्यात, त्यांनीच सगळ्यात आधी पेटी मागवली होती, मला माहीत आहे. फूट ज्या दांड्याला स्क्रूने आवळतो त्याची उंची सगळ्या मशीनांना सारखी नसते. फूट खाली करा, पट्टी उभी धरा, सुईखालच्या पट्टीपासून फुटाच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजा. पाऊण इंच, म्हणजे एकोणीस मिलिमीटरच्या आसपास आलं तर लो शँक. सव्वा इंच, बत्तीस मिलिमीटरच्या आसपास आलं तर हाय शँक. जुन्या काही सिंगरचा दांडा तिरका असतो, त्यांचे फूट आणखी वेगळे. आपल्याकडची घरगुती मशीनं बहुतेक लो शँकची आहेत, पण "बहुतेक" या शब्दावर पैसे टाकू नयेत. पट्टी लावायला अर्धं मिनिट लागतं.

दुसरं, पेटीतले बरेचसे फूट खटक्याने बसणारे असतात. खटक्याचा फूट धरायला वेगळा होल्डर लागतो. सासूबाईंच्या काळ्या मशीनला फूट अखंड असतो, सरळ स्क्रूने आवळायचा. होल्डर नसताना खटक्याचे फूट घेऊन त्या मशीनपुढे बसलेल्या दोघी या खोलीत आहेत. नावं घेत नाही.

आणि ज्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जुकीवर बसतात, त्यांनी तिथला फूट आणि तिथली सुई घरी आणू नये. कारखान्याच्या सुईचं बूड गोल असतं, घरच्या सुईला एका अंगाने चपटं. ती सुई घरच्या मशीनमध्ये कशीबशी बसते, पण सरळ बसत नाही. मग शटलचं टोक धागा पकडायला येतं तेव्हा सुई जागेवर नसते. टाका सुटतो. तुम्ही टेन्शनचं बटण पिळत बसता.

काळ्या मशीनचा विषय निघालाच आहे तर ऐका, कारण याचा मला मनापासून राग आहे. सासूची, आईची काळी मशीनं तुम्ही भंगारात काढताय. का, तर त्यात एकच टाका आहे आणि नव्या मशीनमध्ये फुलं-पानं-बदकं निघतात. गोधडीत किती बदकं शिवता? त्या काळ्या मशीनच्या पट्टीला सुईपुरतं एकच गोल भोक असतं. नव्याच्या पट्टीला झिगझॅगसाठी आडवी फट असते. बारीक तुकड्याचं टोक टिपेच्या सुरुवातीला त्या फटीत ओढलं जातं, चावलं जातं आणि तुम्ही ते उपसत बसता. नव्या मशीनवर सरळ टाक्याची एका भोकाची पट्टी वेगळी विकत घ्यावी लागते. ती गोधडीवालीने घ्यावीच, पण काळ्या मशीनला ती जन्मतःच आहे. अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या बायका सिंगरचं १९३३ साली आलेलं छोटं काळं दोनशे एकवीस नंबरचं मशीन अजून शोधून शोधून घेतात. ते सरळ टाक्याशिवाय काही करत नाही. आपण इथे आपलं काळं मशीन किलोच्या भावाने देतो.

फक्त एक ध्यानात ठेवा. एका भोकाच्या पट्टीवर चुकूनही झिगझॅग लावलात तर सुई पोलादावर आपटते आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. पाव इंचाच्या फुटालाही बहुतेकदा तसंच एक बारीक भोक असतं. टाका बदलण्याआधी फूट आणि पट्टी बघायची सवय लावा.

पाव इंचाचा फूट हा दुसरा. हा घेतलात तर मी रागावणार नाही. जोडकामात शिवणीसाठी दोन सूत सोडायचे, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "बाई, अर्ध्या सुताने काय होतं?" असं विचारणारीने आता वही काढावी. अडीच इंच रुंदीच्या नऊ पट्ट्या. आठ शिवणी. दोन्ही अंगांनी पाव-पाव इंच गेलं, तर शिवून झाल्यावर रुंदी साडेअठरा इंच भरायला हवी. तुम्ही शिवण घातली अर्धा सूत जास्त. दोन्ही अंगांनी मिळून प्रत्येक शिवणीत एक सूत गेला. आठ शिवणी, आठ सूत, एक इंच गायब. साडेसतरा. आणि शेजारचा चौकोन ज्या बाईने नीट शिवला तो साडेअठरा. आता जोडा दोन्ही! परवा मी उसवायला लावलं तेव्हा तोंडं वाकडी झाली होती, ती या एका इंचासाठी होती.

फूट "पाव इंचाचा" आहे असं पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. दीड-दीड इंचाच्या तीन पट्ट्या कापा, जोडा, शिवण इस्त्रीने एका बाजूला बसवा आणि मधली पट्टी मोजा. बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण जास्त गेली. सुई सरकवता येत असेल तर कणभर सरकवा, नाहीतर कड फुटाच्या आत धरा. ज्यांना फूट घ्यायचा नाही त्यांनी सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पाटावर मास्किंग टेपचे चार-पाच थर चिकटवून कठडा करावा. दात्यांवर टेप येऊ देऊ नका. कामापुरतं तेवढं पुरतं, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

तिसरा आणि शेवटचा, डार्निंगचा म्हणा किंवा फ्री मोशनचा. हा स्प्रिंगचा, टाक्याटाक्याला उडी मारणारा. यात दाते खाली उतरवायचे आणि कापड तुम्ही हाताने फिरवायचं. टाक्याची लांबी तुमच्या हाताच्या गतीवर. वेलबुट्टी, गोल गोल रेघा, नाव लिहिणं, सगळं याने होतं. बाळाचं नाव घालून दिलेली गोधडी चार पैसे जास्त मिळवते, म्हणून तुमचं लक्ष याच्यावर. पण ज्यांची सरळ रेघ अजून सरळ जात नाही, त्यांनी याला हात लावायचा नाही, हे मी आत्ताच सांगते.

दाते उतरवायची कळ बऱ्याच नव्या मशीनांना मागच्या अंगाला असते. काही काळ्या मशीनांना पाटाखाली स्क्रू असतो. दोन्ही नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणा आणि दात्यांवर सुईपुरतं भोक पाडलेलं जाड कार्ड चिकटवा. त्यासाठी नवं मशीन लागत नाही. आणि आता ती चूक, जी प्रत्येक बॅच करते: हा फूट खाली केला तरी कापडाला टेकल्यासारखा वाटत नाही, म्हणून तुम्ही फुटाची दांडी खाली करायलाच विसरता. दांडी वर असली की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात, वरच्या धाग्याला कुणी धरत नाही आणि खाली पक्ष्याचं घरटं तयार होतं. मग तुम्ही बॉबिन बदलता, बॉबिन केस बदलता, दुकानदाराला फोन करता. दांडी बघा!

हाताला पकड हवी म्हणून खास हातमोजे मागवायची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात रबरी ठिपक्यांचे सुती हातमोजे मिळतात, बोटांना घट्ट बसतील असे घ्या.

झाले तीन फूट. कापडावर कापड लावून नक्षी करणारीने पुढून उघडा असलेला एखादा घ्यावा, म्हणजे सुई कुठे पडते ते दिसतं. बाकीची पेटी मिटा.

आता मी कशासाठी उभी आहे ते ऐका. चांगली चाळीस मिनिटं मी तुमच्या मशीनांवरून फिरले. तीन-तीन फूट बदलून पाहिलेत, सुई एकीनेही बदलली नव्हती. किती महिन्यांची आहे विचारलं तर "मशीनबरोबर आलेली" असं उत्तर! लाज वाटायला हवी. सात-आठ तास शिवण झाली की सुईचं टोक बोथट होतं. थरांच्या कामात त्याहून लवकर. टोकावर नख ओढून बघा, खरखरलं तर ती सुई कापड टोचत नाही, धागे तोडत जाते. टाके सुटतात ते यानेच. त्यात आपलं चारकोप खाडीच्या शेजारी. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या सुईला गंज चढायला वेळ लागत नाही. पाकीट डब्यात ठेवा, डबा बंद ठेवा.

नंबर बघून घ्या. पातळ सुती तुकडे जोडायला अकरा नंबर, पाकिटावर अकरा आणि पंच्याहत्तर असं छापलेलं असतं. तीन थर शिवायला चौदा, म्हणजे नव्वद. चार-पाच साड्यांच्या घड्यांची जाड वाकळ असेल तर सोळा, म्हणजे शंभर, आणि टाका तीन-साडेतीन मिलिमीटरवर न्या. अकरा नंबरच्या सुईने पाच थर शिवायला बसाल तर सुई वाकणार, पट्टीवर आदळणार, तुटणार. यात नशिबाचा काही भाग नाही. सुई बसवताना चपटी बाजू कुठे यायला हवी ते आपापल्या मशीनच्या पुस्तकात बघा. शेजारणीच्या मशीनवर बघून बसवू नका.

थर जाड झाले की फुटाचा दाब कमी करायचा. मशीनच्या माथ्यावर जो स्क्रू किंवा बटण आहे, ज्यावर तुम्ही आजवर फक्त धूळ पुसलीत, ते यासाठी आहे. थोडं सैल करा, अर्ध्या चुण्या तिथल्या तिथे जातील. हे विकत घ्यावं लागत नाही म्हणूनच बहुधा त्याची कुणाला आठवण होत नाही.

आणि तेल. खोबरेल घालणाऱ्या कोण आहेत ते मला वासावरून कळतं. खोबरेल थंडीत थिजतं, पुढे चिकट होऊन धूळ धरतं आणि चाक जड होतं. मशीनचंच पातळ पांढरं तेल आणा, थेंबथेंब घाला, मग रद्दी कापडावर दोन टिपा मारा. शटलमधला कापसाचा भुगा ब्रशने काढा. जुन्या साड्यांचा भुगा खूप पडतो. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते.

एक गोष्ट मात्र तुम्ही आज्जीकडून शिकलात आणि ती मशीनवर चुकीची ठरते. आज्जी गोधडी कडेपासून आत शिवत जायची. चौकोनात चौकोन, धावदोऱ्याने, मध्यावर येऊन संपवायची. येल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही कडेपासून आत. हाताच्या सुईने ते बरोबर आहे. थर जमिनीवर पसरलेले, त्यांना कुणी ढकलत नाही, सुई फक्त वर-खाली जाते. मशीन प्रत्येक टाक्याला ढकलतं. कडा आधी शिवून बंद केल्या, तर ढकललेलं कापड जाणार कुठे? मध्यावर फुगा येतो, पोळीसारखा. मशीनवर मध्यापासून बाहेर यायचं. पहिली रेघ बरोबर मधोमध, मग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

पण त्याच आज्जीचा दुसरा गुण तुम्ही टाकून दिलात. ती शिवायला बसण्याआधी थर ताणून पसरायची, कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवायची, लांब कच्चे टाके घालायची. तुम्ही चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावता आणि मशीनवर बसता. हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना लावा, मध्यापासून बाहेर. बाळाच्या गोधडीला साठ-सत्तर लागतील. लागू देत. फुटाच्या पेटीच्या किमतीत पिनांचे डबेच्या डबे येतात. हे न करता जगातला कुठलाही वॉकिंग फूट घेतलात तरी अस्तर मागून दुमडलेलंच निघेल.

बाकीच्या सामानाचं थोडक्यात. गोल पात्याचा कटर घ्या. ओल्फा या जपानी कंपनीने तो १९७९ साली काढला आणि पट्ट्या कापायचं काम सोपं झालं. पंचेचाळीस मिलिमीटरचं पातं पुरतं. त्याबरोबर मॅट आणि जाड पारदर्शक पट्टी लागतेच, तिन्ही मिळून एक वस्तू समजा. मॅटवर इस्त्री केलीत तर ती वाकडी होते आणि मग सरळ होत नाही. पातं वापरून झालं की लगेच बंद करायचं, घरात रांगती मुलं आहेत. वॉकिंग फुटाबरोबर एक वाकडा दांडा येतो, तो मागच्या भोकात घालून दोन रेघांमधलं अंतर धरायचं असतं. कितीजणींनी तो कचऱ्यात टाकलाय? मशीनला जोडायचं टेबल घेतलंत तर चांगलं. नसेल तर मशीन भिंतीला लावा आणि डाव्या हाताला इस्त्रीचं टेबल तेवढ्याच उंचीवर उभं करा. गोधडी खाली लोंबली की तिचं वजन सुईला ओढतं, टाका लहान-मोठा होतो, सुई वाकते. पाकिटातल्या दिखाऊ खुणा-पेनांचं सांगू नका मला. खडू आणि साबणाची चिप चालते. पेन वापरायचंच असेल तर आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर धुऊन बघा.

आणखी एक, हे पैशांचं आहे म्हणून कान देऊन ऐका. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. तुमच्यातल्या काहीजणी अर्ज करताय, चांगली गोष्ट आहे. पण यादी करताना पहिल्या ओळीत "फुटांचा सेट" लिहिलेला कागद माझ्याकडे तपासायला आला होता. मी तो परत दिला. आधी मशीन, तेही सरळ टाका चांगला आणि फुटाचा दाब कमी-जास्त करता येणारं. मग त्याच कंपनीचा वॉकिंग फूट, कारण त्याचे वरचे दाते खालच्या दात्यांच्या बरोबर समोर यायला हवेत. नव्या मशीनांचे दाते रुंद असतात, जुन्यांचे अरुंद. अरुंद दात्यांच्या मशीनला रुंदांसाठी केलेला फूट लावला तर वरचे दाते हवेत चालतात. पैसे गेले आणि कापड जागेवर. दुकानात जाताना मशीनचा फोटो पुरत नाही. जुना फूट काढून पिशवीत घालून न्या आणि दुकानदारापुढे ठेवा. तो "सगळ्यांना बसतो" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

परदेशातल्या बाईने व्हिडिओत कुठला नंबर लावला, ते मला दाखवायला येऊ नका. तिचं मशीन वेगळं, तिचे दाते नऊ मिलिमीटरचे, तिच्या थरांत विकत घेतलेला सपाट कापूस. तुमच्या थरांत आईची नऊवारी आहे, दोनदा फाटलेली, एका जागी विरलेली, एका जागी जाड काठाची. त्या काठावरून सुई नेताना काय करायचं, हे तिला माहीत नाही. चाक हाताने फिरवायचं. काठ ओलांडला की पाय लावायचा.

पुढच्या वर्गाला येताना वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून आणायच्या: मशीनचं नाव आणि मॉडेल नंबर, शँकची उंची मिलिमीटरमध्ये, दात्यांची बाहेरची रुंदी आणि सध्या मशीनमध्ये असलेल्या सुईचा नंबर. "बाई, विसरले" चालणार नाही. लिहून आणलं नसेल त्या बाईने मशीनवर बसायचं नाही. तिने दिवसभर बाकीच्यांच्या गोधड्यांना पिना लावायच्या.